विश्लेषण : विमानतळाच्या रडारला किती दूरचे दिसते? रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्या आयुष्याला चिकटलेला प्रश्न

नैरोबीहून मुंबईला येणाऱ्या विमानात घरचे कोणी असेल, तर हल्ली आपण मोबाइलवर त्या विमानाचे छोटेसे चिन्ह पाहत बसतो. आफ्रिकेचा किनारा मागे पडला की काही वेळाने ते चिन्ह केवळ अंदाजाने पुढे सरकू लागते, कधी तर नकाशावरून नाहीसेच होते. छातीत धस्स होते. मग तासा-दीड तासाने, किंवा त्याहूनही उशिरा, मुंबई जवळ आल्यावर ते पुन्हा उमटते. विमानाला काहीच झालेले नसते. त्याचा संदेश ऐकणारे जमिनीवरचे उपकरण तेवढ्या अंतरापर्यंत पोहोचत नसते. मोबाइलवरचा नकाशा आणि विमानतळाचे रडार या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी दोघांची अडचण एकच आहे.

हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातल्या रडारला नेमके किती दूरचे दिसते, या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर नाही. ते का नाही, हे समजून घ्यायचे तर ज्या माणसाने हा प्रश्न सरकारी पैशाने, मैलामैलाने मोजत सोडवायला घेतला, त्याच्याकडे जावे लागते. रॉबर्ट वॉटसन-वॉट हे त्यांचे नाव. रडारचा जनक म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत येते. तो मान त्यांना एकट्याला द्यावा का, याचा वाद अजून मिटलेला नाही, त्याविषयी पुढे.

वॉटसन-वॉट कोण होते?

स्कॉटलंडमधील ब्रेचिन या लहानशा गावात १३ एप्रिल १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत. वाफेच्या इंजिनाच्या जेम्स वॉटशी या घराण्याचे नाते जोडले जाते. डंडीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून १९१२ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तेथेच विल्यम पेडी या प्राध्यापकांनी त्यांना रेडिओच्या नादाला लावले. त्या काळी बिनतारी संदेशवहन हे तरुणांना खुणावणारे नवे क्षेत्र होते, आज संगणक-मोबाइलचे आहे तसेच.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ मध्ये ते हवामान खात्यात रुजू झाले. काम होते वादळे शोधण्याचे. त्या काळची विमाने लाकूड आणि कापडाची. वादळात सापडली की वैमानिकाची खैर नसे. वीज कडाडते तेव्हा ती रेडिओ लहरीही फेकते. जुन्या रेडिओवर पावसाळ्यात जी खरखर ऐकू यायची ती हीच. ही खरखर कोणत्या दिशेने आली हे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपले, तर दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतील तेथे वादळ, इतकी साधी कल्पना होती. अडचण अशी, की विजेचा कडाका क्षणात संपतो आणि तेवढ्यात अँटेना फिरवून दिशा शोधणे माणसाला जमत नाही. वॉटसन-वॉट यांनी १९२०च्या दशकात यासाठी कॅथोड किरण नळी वापरायला सुरुवात केली. पडद्यावर उमटणारी प्रकाशाची रेघ क्षणार्धात दिशा दाखवू लागली. हीच नळी पुढे रडारचा पडदा झाली. पुढच्या काळात वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा अभ्यासही त्यांनी केला. त्या थराला आज जगभर वापरले जाणारे ‘आयनोस्फिअर’ हे नाव सुचवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. त्या थरावर रेडिओ लहर आदळवायची, परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि लागलेल्या वेळेवरून उंची काढायची, ही रीत त्यांच्या प्रयोगशाळेत रोजची होती. म्हणजे रडारचे सगळे सुटे भाग त्यांच्या टेबलावर आधीच पडलेले होते. जोडणीसाठी भीती हवी होती. ती १९३०च्या दशकात आली.

कान लावून किती ऐकू येणार?

बाँबफेकी विमानांना अडवता येत नाही, असे ब्रिटनमध्ये त्या वेळी सर्रास मानले जाई. पंतप्रधानपद भूषवलेले स्टॅन्ले बाल्डविन यांनी १९३२ मध्ये संसदेतच तशी कबुली दिली होती. इशारा देण्यासाठी ब्रिटनने इंग्लंडच्या किनाऱ्यावर काँक्रीटचे प्रचंड अंतर्वक्र आरसे उभारले होते. ते प्रकाशाचे नव्हे, आवाजाचे आरसे. केंट परगण्यात डेंज येथे त्यातली सुमारे ६० मीटर लांबीची एक भिंत आजही उभी आहे. माणसाने कानाला नळी लावून विमानाच्या इंजिनाची घरघर ऐकायची. हवा शांत असली तर १५-२० मैलांवरचे विमान कळे. वारा असला किंवा शेजारच्या रस्त्यावरून मोटार गेली तर तेही नाही.

आता हिशेब करा. ताशी २०० मैल वेगाने येणाऱ्या विमानाला २० मैल यायला ६ मिनिटे लागतात. त्या काळच्या उत्तम लढाऊ विमानालाही २० हजार फुटांवर चढायला याहून जास्त वेळ लागे. म्हणजे शत्रू आला हे कळूनही उपयोग शून्य. किती दूरचे दिसते हा प्रश्न तेव्हा अभ्यासकांच्या कुतूहलाचा राहिला नव्हता. लंडनमधल्या लाखो लोकांच्या डोक्यावरचे छप्पर त्यावर अवलंबून होते.

अशा घाबरलेल्या वातावरणात सरकारला मृत्युकिरणांची भुरळ पडली. लांबूनच किरण सोडून वैमानिकाला लोळवता येईल का, असे जानेवारी १९३५ मध्ये हवाई मंत्रालयाच्या हॅरी विम्परिस यांनी वॉटसन-वॉट यांना विचारले. वॉटसन-वॉट यांनी हा प्रश्न आपले तरुण सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांच्याकडे जरा आडवळणाने सोपवला. जमिनीपासून १ किलोमीटर उंचीवर असलेले ८ पाइंट पाणी ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांपर्यंत तापवायला किती रेडिओ शक्ती लागेल, एवढेच त्यांना काढायला सांगितले. ८ पाइंट म्हणजे सुमारे साडेचार लिटर, आणि ९८ अंश हे माणसाचे तापमान. विल्किन्स हुशार, हे पाणी म्हणजे माणसाचे रक्त हे त्यांनी लगेच ओळखले. उत्तर आले, अशक्य.

गोष्ट तेथेच संपली असती. पण मारता येत नाही तर निदान मदत काय करता येईल, असा विचार पुढे आला आणि विल्किन्स यांना टपाल खात्याच्या अभियंत्यांची एक जुनी तक्रार आठवली. जवळून विमान गेले की रेडिओचा संदेश थरथरतो, अशी ती तक्रार होती. इतरांच्या लेखी तो त्रास होता, विल्किन्स यांच्या लेखी तो पुरावा ठरला. विमानावरून लहरी परावर्तित होत असल्या पाहिजेत. किती होतील, याचे गणित त्यांनी मांडले आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉटसन-वॉट यांच्या सहीचे टिपण मंत्रालयात पोहोचले.

शेतातली मोटार आणि ८ मैल

कागदावरच्या गणितावर पैसे मिळणार नव्हते. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी नॉर्दम्प्टनशरमधील एका शेतात मोटारव्हॅनमध्ये ग्राहक यंत्र ठेवण्यात आले. विल्किन्स यांनी आदल्या रात्रीच थंडीत ते जुळवले होते. स्वतंत्र प्रक्षेपक बांधायला वेळ नव्हता, म्हणून डॅव्हेन्ट्री येथील बीबीसीच्या केंद्रातून नेहमी बाहेर पडणाऱ्या लघुलहरींचाच उपयोग करायचे ठरले. हवाई दलाचे हेफर्ड जातीचे बाँबफेकी विमान ठरलेल्या मार्गावर ये-जा करू लागले. व्हॅनमधल्या पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका विमान जवळ येताच लांबू-आखडू लागला. विमान ८ मैलांवर, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरवर जाईपर्यंत ही हालचाल टिपता आली.

८ मैल! आवाजाचे आरसे यापेक्षा दूरचे ऐकत होते. शिवाय या प्रयोगात विमानाचे अंतर मोजता आले नव्हते, विमान आहे एवढेच कळले होते. आकड्यांकडेच पाहणारा एखादा हिशेबनीस ही योजना तेथेच गुंडाळून ठेवू शकला असता. पण आवाजाच्या आरशांची मजल जवळपास संपली होती, तर रेडिओची आता कुठे सुरू होत होती. हे मंत्रालयातल्या लोकांना उमगले आणि पैसे मिळाले.

अंतर कसे मोजायचे, याचे उत्तर आयनोस्फिअरच्या अभ्यासात तयार होते. सतत लहर सोडण्याऐवजी तिचे तुटक ठोके सोडायचे. रेडिओ लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. ठोका गेला आणि प्रतिध्वनी १ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात परत आला, तर विमान १५० किलोमीटरवर आहे. आजही मुंबईच्या काय किंवा नागपूरच्या काय, कोणत्याही रडारचा हिशेब हाच असतो.

८ मैलांचे १०० कसे झाले?

मे १९३५ मध्ये लहानशी तुकडी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑर्फर्डनेस या ओसाड वाळूच्या दांड्यावर गेली. वॉटसन-वॉट स्वतः तेथे कायम राहत नव्हते. मंत्रालयात खेटे घालणे, पैसा आणि माणसे मिळवणे ही आघाडी त्यांच्याकडे होती, तर यंत्रे विल्किन्स आणि एडवर्ड बोवेन यांच्यासारख्यांच्या हातात होती. १७ जूनला स्कापा जातीचे एक समुद्री विमान १७ मैलांवर दिसले. वर्ष संपता संपता हा पल्ला ६० मैलांपर्यंत गेला. पुढच्या वर्षी जवळच्याच बॉड्झी मॅनर या हवेलीत संशोधन केंद्र थाटले गेले आणि वॉटसन-वॉट त्याचे पहिले प्रमुख झाले.

हे मैल सोपे नव्हते. लहर विमानापर्यंत जाताना पसरत पसरत क्षीण होते आणि परत येणारा प्रतिध्वनी तसाच पुन्हा पसरतो. या दुहेरी गळतीमुळे नियम असा होतो, की दुप्पट दूरचे पाहायचे तर १६ पट शक्ती लागते. ८ मैलांवरून १०० मैल म्हणजे साडेबारा पट. केवळ शक्तीच्या जोरावर तेवढे गाठायचे तर ती २४ हजार पटींहून अधिक वाढवावी लागेल. म्हणून शक्ती सतत न वापरता अगदी क्षणभराच्या ठोक्यात कोंबली गेली, ग्राहक अधिक संवेदनशील झाले आणि अँटेना उंच गेल्या. प्रक्षेपणासाठी ३६० फुटांचे पोलादी मनोरे, प्रतिध्वनी टिपण्यासाठी २४० फुटांचे लाकडी मनोरे, अशी जोडी किनाऱ्यावर जागोजागी उभी राहू लागली. या साखळीला ‘चेन होम’ म्हणत. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा सुमारे २० केंद्रे कामाला लागली होती. उंचावरून येणारी विमाने १०० मैलांच्या पुढेही दिसत. ६ मिनिटांची आता ३० मिनिटे झाली होती.

चेन होमची यंत्रे त्या काळच्या मानानेही ओबडधोबड होती, हे सांगायला हवे. जर्मनीकडची काही रडार अधिक सुबक, अधिक अचूक होती. रेडिओ लहरींनी जहाज शोधण्याचे पेटंट तर ख्रिश्चन हुल्समायर या जर्मनानेच १९०४ मध्ये घेतले होते. वॉटसन-वॉट यांनी अवघड अशा आखूड लहरींच्या मागे न लागता, हाताशी असलेल्या रेडिओच्या सामानातून जे लगेच बनेल ते निवडले. सर्वोत्तमाची वाट पाहत बसले तर युद्ध आधी येईल, असा त्यांचा रोख होता आणि तो त्यांनी सहकाऱ्यांच्या गळी उतरवला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे कर्तृत्व हेच. कल्पना इतरांनाही सुचल्या होत्या. पण अपुऱ्या यंत्रावर सही करून ते देशभर उभे करण्याची छाती सर्वांना नसते.

न दिसणाऱ्या जागा

चेन होमला समुद्राच्या बाजूचे दिसे. विमान किनारा ओलांडून आत आले की रडार निरुपयोगी आणि मग दुर्बिणी घेतलेल्या स्वयंसेवकांवर भिस्त. मागून येणारा प्रतिध्वनी पुढून आल्यासारखा दिसण्याचा दोषही होता. युद्धाच्या अगदी सुरुवातीला, ६ सप्टेंबर १९३९ रोजी असाच गोंधळ झाला. समुद्रावरून शत्रू येत असल्याच्या समजुतीने विमाने वर पाठवली गेली, वर गेलेलीच विमाने शत्रूची वाटली, आणि ब्रिटनच्याच स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन विमाने पाडली. एका तरुण वैमानिकाचा जीव गेला. रडारचा तो दोष हे या गोंधळाचे एक कारण मानले जाते.

दुसरी अडचण मात्र कोणत्याही दुरुस्तीने जाणारी नव्हती. पृथ्वी गोल आहे. रेडिओ लहर जवळपास सरळ रेषेत जाते, जमीन मात्र तिच्या खालून वाकत जाते. त्यामुळे दूरचे विमान दिसायचे तर ते उंच असावे लागते. समुद्रालगत उडणारे विमान रडारच्या नजरेखालून येऊ शकते. त्यासाठी आखूड लहरींची ‘चेन होम लो’ नावाची दुसरी साखळी घाईघाईने उभारावी लागली. तिलाही क्षितिजापलीकडचे दिसत नव्हतेच, पण क्षितिजाच्या आतले खालचे बरेच दिसू लागले.

तिसरी अडचण माणसांची. दिसलेली गोष्ट योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९३६ पासूनच बिगिन हिल येथे सराव करून पाहिले गेले. रडारवरची माहिती गाळून नकाशावर मांडायची आणि जमिनीवरून रेडिओवर वैमानिकाला दिशा सांगायची. ह्यू डाउडिंग यांच्या हवाई दलाने त्याची शिस्तबद्ध यंत्रणा केली आणि १९४०च्या लढाईत ती टिकली. पडद्यापुढे बसणाऱ्यांत महिला हवाई दलातल्या तरुणींचा मोठा वाटा होता. आजच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात नियंत्रक पडद्यावर पाहून वैमानिकाला वळण आणि उंची सांगतो, तेव्हा तो त्याच पद्धतीचे शांततेतले रूप चालवत असतो.

याउलट काय होते ते ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरला दिसले. बेटाच्या उत्तर टोकावरील फिरत्या रडारने जपानी विमानांचा मोठा थवा १३० मैलांहून दूर असताना टिपला होता. सैनिकांनी फोनही केला. ती आपलीच येणारी विमाने असतील असे समजून विषय सोडून देण्यात आला. नजर पोहोचली होती, तिच्या मागची यंत्रणा नव्हती. या हल्ल्यानंतर अमेरिकेने आपल्या हवाई संरक्षणाची तपासणी करण्यासाठी वॉटसन-वॉट यांनाच बोलावले. त्यांचा अहवाल यजमानांची भीड न ठेवणारा होता. १९४२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. आडनावातली जोडरेघ त्या वेळची. त्यापूर्वी ते नुसते वॉटसन वॉट होते. रडार हा शब्दही अमेरिकी नौदलाचा. ब्रिटिश त्याला वेगळ्याच नावाने ओळखत.

मग आजच्या रडारला किती दूरचे दिसते?

विमानतळावर दोन प्रकारची रडार असतात. पहिले प्राथमिक रडार. ते वॉटसन-वॉट यांच्या जातीचे. लहर सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते. विमानतळाजवळची वाहतूक पाहणाऱ्या अशा रडारचा पल्ला साधारण ६० सागरी मैल, म्हणजे ११० किलोमीटर असतो. १६ पट शक्तीचा नियम येथे अजूनही आडवा येतो.

दुसरे दुय्यम रडार. युद्धात पडद्यावरचा ठिपका आपला की शत्रूचा हे ओळखण्यासाठी विमानात एक छोटा उत्तरयंत्र बसवायला सुरुवात झाली. जमिनीवरून विचारणा आली की विमान स्वतःच्या शक्तीने उत्तर पाठवते. ही गरज वॉटसन-वॉट यांच्या लक्षात अगदी सुरुवातीला आली होती. नागरी विमानांनी युद्धानंतर हीच पद्धत उचलली. प्रतिध्वनीच्या दुहेरी गळतीचा प्रश्न सुटल्याने पल्ला वाढला. मार्गावरच्या विमानांसाठीचे दुय्यम रडार साधारण २०० ते २५० सागरी मैल, म्हणजे ३७० ते ४६० किलोमीटरपर्यंत पाहते. शिवाय उत्तरात विमानाची ओळख आणि उंचीही येते. उणीव एकच, उत्तरयंत्र बंद पडले तर या रडारच्या लेखी विमान नसतेच.

पण हे आकडे उंच विमानांपुरते. पृथ्वीच्या वळणाचा साधा हिशेब असा. विमानाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. जमिनीलगतच्या अँटेनाला तेवढ्या किलोमीटरवरचे विमान दिसू शकते. १० हजार मीटरवरचे विमान ४१० किलोमीटरवरून, ३ हजार मीटरवरचे सुमारे २२५ किलोमीटरवरून आणि ३०० मीटरवरचे हेलिकॉप्टर जेमतेम ७० किलोमीटरवरून. त्यात सह्याद्रीसारखी डोंगररांग मध्ये आली की मागचा भाग सावलीत जातो. म्हणून रडार टेकडीवर किंवा मनोऱ्यावर ठेवतात आणि अनेक रडारची चित्रे एकत्र जोडून एक नकाशा करतात.

समुद्रात टेकडी कुठून आणणार? नैरोबी ते मुंबई हे सुमारे साडेचार हजार किलोमीटरचे अंतर आहे आणि त्यातला बराच मोठा पट्टा कोणत्याही किनाऱ्यावरच्या रडारच्या क्षितिजापलीकडे. तेथे वैमानिक दूर पल्ल्याच्या एचएफ रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत आपले स्थान मुंबईच्या नियंत्रकांना कळवतात. रडारखाली दोन विमानांत ५ सागरी मैलांचे अंतर चालते. समुद्रावर ते पारंपरिकरीत्या ५०च्या आसपास ठेवले जाई. दिसत नसेल तर जागा जास्त सोडायची, हा व्यवहार.

हे पाळले गेले नाही किंवा पाळण्याची सोयच नव्हती, तेव्हा माणसे मेली आहेत. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ जण ठार झाले. त्या भागावर नागरी नियंत्रणाच्या रडारची नजरच नव्हती. त्या धक्क्यातून अमेरिकेत हवाई वाहतुकीची स्वतंत्र संस्था आणि रडारचे जाळे उभे राहिले. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाकस्तानची विमाने धडकली. ३४९ बळी, आकाशातल्या टकरींतला जगातला सर्वांत मोठा आकडा. तेथे रडारची नजर पोहोचत होती. दिल्लीच्या पडद्यावर दोन्ही ठिपके होते; पण तेव्हा हाती असलेले रडार प्राथमिक, म्हणजे अंतर आणि दिशा सांगणारे. उंची फक्त वैमानिक सांगतील ती. सौदी विमान १४ हजार फुटांवर होते, कझाक विमानाला १५ हजारांवर राहायला सांगितले होते आणि ते खाली आले. पडद्यावर ते कळण्याचा मार्ग नव्हता. रडारची नजर किती दूर जाते याच्याइतकेच, तिला नेमके काय दिसते हेही विचारावे लागते ते यासाठी.

वॉटसन-वॉट यांचे पुढे काय झाले?

युद्ध संपले आणि श्रेयाचे वाटप सुरू झाले. शोधांसाठी बक्षिसे ठरवणाऱ्या शाही आयोगासमोर वॉटसन-वॉट यांनी आपली बाजू हिरिरीने मांडली आणि त्यांना ५० हजार पौंड मिळाले. सहकाऱ्यांच्या वाट्याला त्याहून बरेच कमी आले. ज्यांच्या गणितापासून आणि आठवणीपासून सारे सुरू झाले त्या विल्किन्स यांचे नाव ब्रिटनबाहेर आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. वॉटसन-वॉट बोलायला लागले की थांबत नसत आणि स्वतःकडे कमीपणा घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते, असे त्यांना ओळखणाऱ्यांचे मत होते. तरीही विल्किन्स यांच्या गणिताला मंत्रालयात वजन मिळाले ते वॉटसन-वॉट यांच्या वाणीमुळे आणि खटपटीमुळे, हेही तितकेच खरे.

१९५०च्या दशकात ते कॅनडात राहायला गेले. तेथे एकदा मोटार वेगाने चालवल्याबद्दल पोलिसांनी त्यांना अडवले आणि दंड केला. वेग मोजला होता तो रस्त्याकडेला लावलेल्या रडारने. त्यांनी या फजितीवर स्वतःच एक विनोदी कविता लिहिली. या रडारचा पल्ला काही शे मीटरांचा. त्याला तेवढा पुरला.

तीन वेळा त्यांचे लग्न झाले. १९६६ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तरीत, त्यांनी कॅथरिन ट्रेफ्युसिस-फोर्ब्स यांच्याशी विवाह केला. त्या ब्रिटनच्या महिला हवाई दलाच्या पहिल्या प्रमुख. म्हणजे चेन होमच्या पडद्यांपुढे ज्या मुली रात्रंदिवस बसल्या, त्यांच्या वरिष्ठ. कॅथरिन १९७१ मध्ये वारल्या. ५ डिसेंबर १९७३ रोजी इनव्हर्नेस येथे वॉटसन-वॉट यांचे निधन झाले. स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्री गावच्या चर्चच्या आवारात दोघांना शेजारी शेजारी पुरले आहे. ब्रेचिन या त्यांच्या जन्मगावात त्यांचा पुतळा उभारला गेला तो २०१४ मध्ये, मृत्यूनंतर ४० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.